जारेसाहेबांच्या चाळीस हजार फेऱ्या

यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा मोबाइल गिळून गंगापूर धरणात तीन दिवस वाजत फिरणारा मासा तुम्ही निदान अर्धा तरी मानला होता. ही गोष्ट पावसुद्धा मानणार नाही. वीस लिटर पाण्याच्या एका जारने, अंगात माझा शर्ट घालून, देशभरच्या ऑफिसांतली माणसं कित्येक महिने दुपारी चारला घरी पाठवली. आणि त्या जारला आम्ही साहेब म्हणायचो.

हे मी बोललो ते सिडकोतल्या आमच्या विरंगुळा केंद्रात, परवा मंगळवारी दुपारी. कॅरमची पावडर संपली होती, त्यामुळे माझं ऐकण्यावाचून कुणाला गत्यंतर नव्हतं. समोर पगारे सर होते. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्याने या माणसाला कुठल्याही वाक्यानंतर 'कसं काय?' विचारायची खोड लागली आहे. शेजारी अहिरे सिस्टर. सरकारी दवाखान्यात आयुष्य घालवून आता स्वेटर विणतात, कोणासाठी ते विचारलं तर सांगत नाहीत. सिस्टर माझ्या सगळ्या गोष्टी मानतात. मासाही त्यांनी अख्खा मानला होता.

मी थर्मास उघडून चहा ओतला आणि सुरुवात केली.

"साल एकतीस. अंबडला आमची लॅब होती. माझं काम काय, तर लॅपटॉप झोपवायचे आणि उठवायचे."

"म्हणजे तुम्ही लॅपटॉपचे सिस्टर," पगारे सर म्हणाले.

"अगदी तसंच. दर गुरुवारी वरून नवीन अपडेट यायचं. मशीनच्या पोटातला जो मूळ प्रोग्राम असतो, कोणता भाग कधी जागा करायचा हे ठरवणारा, तो बदललेला असायचा. नाहीतर टचपॅडचा, आवाजाचा, वायफायचा ड्रायव्हर बदललेला असायचा. लोकांच्या मशीनमध्ये ते जाण्याआधी आम्ही आमच्या मशीनवर चढवायचं. मग झाकण लावा, झाकण उघडा. स्क्रीन आली का? टचपॅड हलतो का? आवाज आहे का? लिहा. पुन्हा झाकण लावा. एका मशीनला दोनशे वेळा."

झोपेच्या तीन जाती असतात. कंपनीच्या कागदांवर त्यांना आकडे होते, आम्ही त्यांना डुलकी, गाढ आणि कुंभकर्ण म्हणायचो. डुलकीत मशीन वरून शांत, पण आतून कान टवकारलेले. हाक मारली की ओ. गाढमध्ये फक्त स्मृती जागी, बाकी सारं बंद. कुंभकर्णात स्मृतीसुद्धा डिस्कवर लिहून ठेवायची आणि वीज पूर्ण तोडायची. उठायला वेळ लागतो, पण बॅटरीचा थेंब जात नाही. आता गंमत अशी, की झोपवणं सोपं असतं. भानगड उठताना होते. एखादं मशीन उठायचं, पण त्याची वाचा गेलेली असायची. एखादं बॅगेतच जागं व्हायचं आणि तापून तापून मालकाचा डबा गरम करायचं. सायखेड्याच्या एका माणसाची पिठलं-भाकरी दुपारपर्यंत वाफाळती राहायची—

"बोरस्ते," पगारे सरांनी मला अडवलं.

"बरं, कोमट राहायची."

माझ्या जोडीला कांचन शेवाळे होती. आम्ही दोघं एकाच महिन्यात लागलेलो, एकाच टेबलावर सात वर्षं. दिवसभर यंत्रांना झोपवणारी बाई, आणि तिला स्वतःला आठ महिने झोप नव्हती. वडील ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. स्मृती गेलेली, पण पाळी राहिलेली. रात्री दोनला उठून बूट घालायचे आणि भोंगा झाला म्हणून दाराकडे निघायचे. म्हणून कांचन ओढणीचं एक टोक त्यांच्या मनगटाला बांधायची आणि दुसरं आपल्या. ओढणी जरा ताणली की जागी. "तुषार, मी डुलकीवरच आहे रे," ती म्हणायची. "गाढ मोड माझ्यात बसवलेलाच नाहीये."

दिवसा मात्र सोय होती. कंपनीने कर्मचाऱ्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी आवारातच एक दिवसघर चालवलं होतं. तिथे त्यांना जुने नटबोल्ट वेगळे करायला देत, आणि तिचे वडील तिथे खूश असत. नोकरी होती म्हणून दिवसघर होतं, आणि दिवसघर होतं म्हणून कांचन नोकरी करू शकत होती.

सिस्टरांनी सुया थांबवल्या. "आई?"

"नव्हती."

सुया पुन्हा सुरू झाल्या.

तर त्या वर्षी 'चाहूल' आलं. हे नीट ऐका, कारण पगारे सर आता 'कसं काय' म्हणणार आहेत. खोलीत वायफायच्या लहरी सतत फिरत असतात. भिंतीवर आपटतात, कपाटावर आपटतात, परत येतात. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी. त्या लहरी पाण्यावर आपटल्या की बिघडतात. माणूस चालला की बिघाडही त्याच्याबरोबर चालतो. आणि प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून प्रत्येकाचा बिघाड वेगळा. मग लॅपटॉपमध्ये एक शेंगदाण्याएवढी चिप बसवली. सगळं मशीन गाढ झोपलेलं असताना ही एकटी जागी. मालक दारातून आत आला की त्याची चाल ओळखून, तो खुर्चीत बसायच्या आत, ती मशीनला उठवणार. दुसरा कुणी आला तर नाही. त्याने झाकण उघडलं, बटण दाबलं, तरी स्क्रीन काळी. चोराला उपयोग शून्य.

"आणि मालकाचा पाय मोडला तर?" सर म्हणाले.

"हेल्पलाइनला फोन करायचा, ओळख पटवायची, कोड मागवायचा. त्याला दोन तास. ती वाट ठेवली होती."

पण चिपला आधी शिकवायला हवं की माणूस म्हणजे काय. चालणारं माणूस आणि फिरणारा पंखा यांत फरक काय. ते शिकवायचं काम आमच्या लॅबकडे आलं. दारापासून टेबलापर्यंत बारा फूट चालत जायचं, झाकण उघडायचं, बंद करायचं, परत दाराशी. झाली एक फेरी. अशा चाळीस हजार. सहा आठवड्यांत. दोन माणसं.

पगारे सरांनी बोटांवर हिशोब केला. "दिवसाला साडेपाचशे. माणशी."

"बरोबर. तीन दिवस आम्ही केलं. चौथ्या दिवशी कांचन दार आणि टेबलाच्या मध्ये, चालता चालता झोपली. उभी. मी दोन्ही खांदे धरले म्हणून पडली नाही. डोळे उघडून मला म्हणते, 'बाबा, बूट काढा.'"

मग मी माझ्या मेव्हण्याच्या गॅरेजमधून एका जुन्या मोटारीचं वायपर उचलून आणलं. काचेवरचं नव्हे, त्याच्या मुळाशी असतं ते यंत्र. पाण्याचे जार बदलायला यायचे त्यांची एक छोटी ट्रॉली होती. ट्रॉलीवर पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार. माणूस म्हणजे पाणीच, म्हटलं, झालं तर मग. त्याला माझा निळा चौकड्यांचा शर्ट घातला, कारण उघडा जार लॅबच्या सीसीटीव्हीत बरा दिसत नव्हता. वायपर ट्रॉलीला दोरीने पुढे ओढायचं, मागे ढकलायचं. ट्रॉली टेबलाला टेकली की दुसरी दोरी ताणायची आणि टेबलावरच्या आठही लॅपटॉपची झाकणं एकदम वर व्हायची. चिमणीच्या पिल्लांनी चोची उघडाव्यात तशी.

कांचनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय नाव, साहेब?"

"जारे," मी म्हटलं.

तेव्हापासून फेऱ्या जारेसाहेब घालायचे. आम्ही कोपऱ्यात बसून ड्रायव्हरची कामं उरकायचो. कागदावर फेऱ्या घालणाऱ्याच्या रकान्यात कधी माझी सही, कधी तिची. खोटं होतं ते, मला ठाऊक आहे. पण सात वर्षं आम्ही खरं लिहिलं होतं, आणि सात वर्षांत तो कागद कुणी वाचलेला आम्हाला माहीत नव्हता.

सहा आठवडे साहेबांनी एक रजा घेतली नाही.

दिवाळीनंतर अपडेट बाहेर गेलं. लाखो मशीनमध्ये. सकाळी काय कौतुक! दारात पाऊल टाकलं की टेबलावरचा लॅपटॉप उजळतो. पण दुपार झाली की तक्रारी यायला लागल्या. सकाळी ओळखणारं मशीन दुपारी ओळखत नाही. जेवून आलेल्याला ओळखत नाही. सलग तीन मीटिंगा करून आलेल्याला तर मुळीच नाही. झाकण उघडलं, काळं. बटण दाबलं, काळं. हेल्पलाइनवर एवढी रांग, की दोन तासांचे सहा तास झाले.

पगारे सर पुढे सरकले. "कसं काय?"

"जारेसाहेब, सर! चिप शिकली होती की माणूस म्हणजे एका लयीत येणारी वस्तू. बारा फुटांना अकरा सेकंद. साडेदहा नाही, साडेअकराही नाही. खांदे पडत नाहीत, पाय घासत नाही, मध्येच थांबून उसासा नाही. सकाळी ताजा माणूस थोडाफार तसा चालतो, मग चिप त्याला पास करायची. दमलेला माणूस तिच्या मते माणूसच नव्हता."

मग काय सांगू. लोक ऑफिसच्या बोळातून डोक्यावर भरला हंडा असल्यासारखे चालायला लागले. ज्या बायांनी लहानपणी खरंच हंडे वाहिले होते त्यांची मशीनं संध्याकाळपर्यंत उठत होती. मोठमोठे अधिकारी त्यांच्या मागे चाल शिकत फिरत होते. बाकीचे चार वाजता हात वर करायचे. मशीन उठत नाही, साहेब, काय करू? जा घरी. पपया नर्सरीच्या चौकात चारलाच गर्दी. माझ्या शेजाऱ्याला तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं, की आपला मुलगा डावखुरा आहे. चाळीसगावला एका ऑफिसने तर मशीनच्या नादाने दुपारच्या चटया घातल्या. माणसं तासभर आडवी होत, उठून चालत, आणि मशीन उजळे.

"हे फार झालं," सर म्हणाले.

"चटया वगळा. बाकीचं ठेवा."

आमच्या लॅबमध्येही तेच अपडेट होतं, फक्त ती तपासणीची मशीनं म्हणून मालक नेमलेला नव्हता, कुठलाही माणूस चालत आला की उठायची. एका दुपारी कांचन दिवसघरातून वडिलांना जेवू घालून आली. झाकण उघडलं. काळं. लावलं, उघडलं. काळं.

"तुषार, हे मला ओळखत नाही."

"दारापासून चालून ये बरं."

ती दाराशी गेली आणि परत आली. एक चप्पल घासत होती. मध्ये रॅकला हात टेकून थांबली, मग पुन्हा निघाली. आठही लॅपटॉप मुकाट. मी कोपऱ्यातलं कापड काढून जारेसाहेबांना दाराशी नेलं आणि बटण दाबलं. साहेब निघाले. अकरा सेकंद. दोरी सोडलेली होती, झाकणं नुसती उघडी होती. आठही स्क्रीन उजळल्या.

तेव्हा आम्हाला कळलं. मग कांचन हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे बघ," ती म्हणाली, "मी नाही, हा माणूस." आणि हसता हसता तिने डोकं आपल्या काळ्या लॅपटॉपवर टेकलं.

आणि झोपली. डुलकी नव्हे. तोंड उघडं, हात लोंबता. मी साहेबांच्या अंगातला शर्ट काढून तिच्या खांद्यावर टाकला. फोन वाजत होते, ते बाहेर नेऊन ठेवले. मशीन उठेना, म्हणून तिला कुणी काम सांगू शकत नव्हतं. साडेतीन तास. सात वर्षांत त्या खोलीत मी शेकडो यंत्रं झोपवली होती. ही झोप मात्र माझ्या हातून चुकून लागलेली.

"साडेतीन," सिस्टर म्हणाल्या. त्यांचं विणकाम मांडीवर पडलं होतं. "बरं झालं. आठ महिन्यांची असली म्हणजे साडेतीनने काही होत नाही, पण बरं झालं."

"उठल्यावर म्हणाली, 'मला वाटलं सकाळ झाली.'"

पण असं किती दिवस चालणार? कंपनीच्या बंगळुरू ऑफिसातल्या लोकांनी शिकवणीची मूळ नोंद उघडली. चालणाऱ्या माणसाची छाती हलते, लहरींत तेही उमटतं. त्यांनी फेऱ्या तपासल्या आणि आमच्या मॅनेजरना, कुलथे साहेबांना, एक ओळ पाठवली: चाळीस हजार फेऱ्या आहेत, पहिले दोन-तीन हजार सोडले तर एकाही फेरीत श्वास नाही, कृपया हा कर्मचारी कोण ते कळवावे.

कुलथे साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर सह्यांचे कागद, आणि कोपऱ्यात, कापड काढलेले, उघडेबंब जारेसाहेब. कुलथे माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. त्याचंही मशीन दुपारी उठत नव्हतं.

"हे कुणी बनवलं ते मला आत्ता सांगा," तो म्हणाला. "एक जण सांगेल, तर एक जाईल. कुणी नाही सांगितलं, तर संध्याकाळी दोघंही. माझ्या हातात एवढंच आहे."

खिडकीतून दिवसघर दिसत होतं. कांचनचे वडील बाकावर बसून नटबोल्ट वेगळे करत होते. नट डाव्या डब्यात, बोल्ट उजव्या. ती त्यांच्याकडे बघत होती.

इथे मी चहाचा घोट घेतला. गोष्टीत अशा जागी मी नेहमी घेतो.

"मी उठून उभा राहिलो. म्हटलं, 'सर, साहेब माझे. वायपर माझं, शर्ट माझा, कल्पना माझी. शेवाळेंना काही माहीत नाही, त्यांच्या सह्यासुद्धा मीच केल्या.' गळ्यातलं कार्ड काढलं, त्यांच्या टेबलावर ठेवलं, आणि निघालो. दारात वळून बघितलं नाही. कांचन काही बोलायला गेली, मी हातानेच म्हटलं, राहू दे. त्या दिवसानंतर मी त्या इमारतीची पायरी चढलो नाही."

पगारे सरांनी चष्मा काढून पुसला. यंत्राचा भाग न मानणारा हा माणूस, पण या भागाशी त्याचे डोळे भरले. सिस्टरांनी थर्मास ओढून घेतला आणि आपल्या कपात चहा ओतू लागल्या.

"पण मग दुरुस्त कसं केलं?" सर म्हणाले. "चिपला पुन्हा शिकवावं लागलं असणार."

"अहो तर! नव्याने चाळीस हजार. या वेळी खरा माणूस, आणि सकाळचा नव्हे, सगळ्या वेळांचा. तीन महिने लागले. साडेपाचशे फेऱ्या रोज. दुसरं माणूस दिलंच नाही, एकट्यानेच सगळ्या. सकाळी नीट चालायचो. दुपारी पाय घासायला लागायचा, तोही नोंदवायचो. रॅकपाशी पोचलो की आपोआप थांबायला व्हायचं, तिथे हात टेकायचा, मग पुढे. खोलीत ती आठ मशीनं आणि मी. कधी दाराशी पोचलो की परत वळावंसं वाटायचं नाही. पण वळायचो, म्हटलं, शिकू दे त्यांना, माणूस असाही चालतो. आज तुमचा लॅपटॉप तुम्ही कितीही दमून आलात तरी उठतो ना, सर? तो माझ्या चालीवर उठतो. म्हणून तर लोकांना पुन्हा सात-सातपर्यंत बसावं लागतं. त्याचं मला..."

मी थांबलो. सिस्टरांनी थर्मास खाली ठेवला नव्हता. दोन्ही हातांत धरून, चष्म्याखालून, त्यावरची अक्षरं वाचत होत्या. पाच वर्षं तो थर्मास मी रोज त्या टेबलावर ठेवतो. त्यावर काय कोरलंय हे मी विसरलो होतो, किंवा वाटत होतं की सगळे विसरलेत.

"सलग सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल," त्यांनी मोठ्याने वाचलं. "दोन हजार चोवीस ते दोन हजार पन्नास. अंबड लॅब."

पगारे सर माझ्याकडे बघू लागले.

"कार्ड ठेवून गेलात एकतीसमध्ये," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता. वॉर्डात पेशंट गोळी घेतल्याचं खोटं सांगतो तेव्हा त्या अशाच बोलत असणार. "मग तीन महिने त्या खोलीत चाललात कसे? आणि एकटेच का चाललात?"

मी कप हातात घेतला. रिकामा होता.

"जार चालला, ते मी मानलं बोरस्ते. चिमणीच्या पिल्लांसारखी झाकणं उघडली, मानलं. चाळीसगावच्या चटयासुद्धा मानल्या." त्यांनी थर्मास माझ्यापुढे ठेवला, अक्षरं माझ्याकडे करून. "पण हे खोटं आहे. उभे तुम्ही नाही राहिलात. ती राहिली."